चिखल्याच्या पायातली पट्टी

आमचं गाव सांवेर. इंदूरहून उज्जैनला जाताना वाटेत लागतं ते, उलट्या हनुमानाच्या देवळाचं. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू आणि बटाटे. आडनाव कोकणातलं असलं तरी आमच्या चार पिढ्या माळव्यात गेल्या. त्यामुळे समुद्र म्हटलं की आमच्याकडे मुंबईचा प्रवास आणि भिजलेल्या चपला एवढंच आठवतं. अशा गावच्या माणसाने समुद्रकाठच्या पक्ष्यांच्या फोटोंवर लेख लिहावा, याचं तुम्हाला हसू येईल. मलाही येतं. पण दोन हिवाळे मी या नादात घालवले आहेत. त्यात थोडं शिकलो आणि एक चूक अशी केली की ती आता दुरुस्त होणार नाही. दोन्ही सांगतो. घरात कॅमेरा किंवा बरा मोबाइल असलेल्या मंडळींना उपयोग होईल.

भरतीचं गणित

माझ्या बायकोची मावशी दापोलीजवळ मुरूडला राहते. गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही अवंतिकेने मुंबईला आणि तिथून गाडीने मुरूडला गेलो. बरोबर एक जुना, दुसऱ्याकडून घेतलेला कॅमेरा आणि ३०० मिलिमीटरची लेन्स होती. पहिल्या दिवशी चांगला पोटभर नाश्ता करून अकरा वाजता किनाऱ्यावर पोचलो. ओहोटी लागलेली होती आणि पक्षी पार पाण्याच्या कडेला गेले होते. मी त्यांच्याकडे चालत गेलो की ते उडून पन्नास पावलं पुढे बसायचे. पुन्हा चाललो, पुन्हा उडाले. दोन तासांत तीनशे फोटो काढले. घरी येऊन पाहिलं तर आभाळ पांढरंफटक, क्षितिज तिरकं आणि मधोमध मोहरीएवढे ठिपके.

मावशीचे यजमान शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांनी फोटो पाहिले आणि विचारलं, "जावईबापू, आज तिथी कोणती?" मला अर्थातच माहीत नव्हती. ते म्हणाले, "आज एकादशी, उद्या द्वादशी. तिथीची पाऊणपट करा. बारा पाऊण नऊ. उद्या नऊच्या सुमाराला पूर्ण भरती. तुम्ही सातला जाऊन बसा. तुम्ही पक्ष्यांकडे जाऊ नका, समुद्रच त्यांना तुमच्याकडे आणेल."

हा कोकणातला जुना हिशेब आहे. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, आणि तिथीची पाऊणपट केली की ढोबळ वेळ मिळते. नेमकी वेळ हवी तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं, पण काकांचं गणित नेटवर्क नसतानाही चालतं.

दुसऱ्या दिवशी सातला जाऊन ओल्या वाळूच्या थोडं वर पालथा पडलो आणि कॅमेरा एका उशीवर टेकवला. (उशी मावशीची. नंतर ऐकून घ्यावं लागलं.) पहिली वीस मिनिटं काही झालं नाही. मग पाणी वर सरकू लागलं, तशी पाण्याच्या कडेने टिपत फिरणारी पाखरंही वर सरकली. आधी कुरव पक्ष्यांचा थवा येऊन बसला. त्यांच्या अलीकडे चिखल्यांची धावपळ सुरू झाली. चिखल्या म्हणजे मुठीएवढा, मातकट पाठीचा आणि पांढऱ्या पोटाचा पक्षी. चार पावलं धावतो, थबकतो, वाळूत चोच मारतो, पुन्हा धावतो. इंग्रजीत याच्या भाऊबंदांना प्लोव्हर म्हणतात. यातले बरेच हिमालयापलीकडच्या उंच पठारांवरून हिवाळ्यापुरते आपल्या किनाऱ्यावर येतात. साडेआठला त्यातला एक माझ्यापासून जेमतेम सात-आठ मीटरवर होता आणि मला दगड समजत होता.

पालथं पडण्याचा दुसराही अर्थ मला तेव्हा कळला. आदल्या दिवशी मी ज्यांना पुन्हापुन्हा उडवत होतो, ते पक्षी परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत होते. प्रत्येक उड्डाणात त्यातली थोडी खर्च होते. ही पाखरं किती लांब जातात याचा अंदाज यावा म्हणून एकच उदाहरण. २०२२ मध्ये अलास्कातून निघालेला एक शेपटीवर पट्टे असलेला गॉडविट ११ दिवस कुठेही न उतरता उडत टास्मानियाला पोचला. अंतर १३,५६० किलोमीटर. त्याच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेलं छोटं यंत्र होतं, म्हणून हे कळलं. अशा प्रवाशाला आपल्या फोटोसाठी दहा वेळा उठवणं म्हणजे लांबच्या गाडीत झोपलेल्या माणसाला दर स्टेशनवर हलवून जागं करण्यासारखं आहे.

चौकटीत काय ठेवायचं

किनारपट्टी फोटोसाठी सोपी असते, कारण मागे पसारा नसतो. पण म्हणूनच चुका चटकन दिसतात. माझ्या चुकांमधून निघालेल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर हवा. उभं राहून फोटो काढला की मागे फक्त वाळू येते आणि पक्षी त्यात मिसळून जातो. खाली गेलो की मागचं पाणी धूसर होतं आणि पक्षी उठून दिसतो. फोकस डोळ्यावर. शेपटी थोडी पुसट चालेल, पण डोळा पुसट झाला तर फोटो गेला.

दुसरी, तो ज्या दिशेला बघतोय किंवा धावतोय तिकडे मोकळी जागा सोडायची. चोच चौकटीला टेकली की पक्षी भिंतीवर आदळल्यासारखा वाटतो. क्षितिजाची रेघ त्याच्या मानेतून जाऊ द्यायची नाही. बोटभर कॅमेरा वर-खाली केला तरी हे साधतं.

तिसरी, ओल्या वाळूत प्रतिबिंब असेल तर ते पूर्ण घ्यायचं, नाहीतर सोडून द्यायचं. अर्धवट कापलेलं प्रतिबिंब वाईट दिसतं. लाट मागे गेल्यावर दोन-तीन सेकंद वाळू आरशासारखी असते, तेवढ्यात बोट दाबायचं.

चौथी, उजेड. आपला किनारा पश्चिमेचा. सकाळी समुद्राकडे तोंड केलं की सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि पिसांचे रंग नीट येतात. संध्याकाळी सूर्य पक्ष्यांच्या मागे जातो. तेव्हा रंगांच्या मागे लागू नये, काळ्या आकृत्या टिपाव्यात. समुद्रबगळ्याची मान किंवा सुरय पक्ष्याची दुभंगलेली शेपटी आकृतीतच जास्त शोभते.

सेटिंगचं विचाराल तर उडणाऱ्या पक्ष्यासाठी शटर सेकंदाचा हजारावा ते दोन हजारावा भाग. कुरवासारखा पांढरा पक्षी गडद पाण्यावर असेल तर एक्स्पोजर थोडं कमी करायचं, नाहीतर पिसं खडूसारखी सपाट येतात. उजळ आभाळासमोर घार असेल तर उलट, थोडं वाढवायचं. कॅमेऱ्यात सोय असेल तर रॉ फाइल घ्यायची. ती जागा खूप खाते, पण कॅमेऱ्याने जे पाहिलं ते सगळं त्यात असतं.

संगणकासमोर बसल्यावर

फोटो एडिट करणं म्हणजे फसवणूक, असं आमच्या घरातल्या मोठ्यांना वाटतं. तसं नाही. फोटोइतकीच ही कला जुनी आहे. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये ग्युस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो काढत असे. तेव्हाच्या काचांवर आभाळ आणि पाणी एकाच वेळी नीट उमटत नसे, म्हणून तो काही चित्रांत आभाळ एका काचेवरून आणि समुद्र दुसऱ्या काचेवरून घेऊन एकाच कागदावर छापायचा. म्हणजे आज आपण लेयर म्हणतो ते तो अंधाऱ्या खोलीत करत होता.

माझा क्रम असा असतो. आधी क्षितिज सरळ. मग चौकट कापणं. मग रंगाची उष्णता, कारण सकाळचा सोनेरी उजेड कॅमेरा बऱ्याचदा निळसर करून टाकतो. त्यानंतर पांढऱ्या भागाची चमक कमी आणि सावलीतला भाग थोडा उजळ. लेन्सवरच्या धुळीचे ठिपके काढायचे. धार वाढवायची ती फक्त पक्ष्यावर, पाण्यावर नाही. यासाठी लाइटरूम आहे. पैसे घालायचे नसतील तर डार्कटेबल आणि गिम्प फुकट आहेत आणि घरच्या कामाला पुरून उरतात.

पुढचं काम खरं मजेचं. धुक्यातल्या बगळ्याचा फोटो कृष्णधवल करून पाहा. शटर मुद्दाम सावकाश ठेवून, कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवून काढलेल्या फोटोत पंखांच्या रेघा होतात, त्यांचे रंग वाढवून पाहा. एकाच कुरवाच्या उड्डाणाचे सहा फोटो एका आभाळात ओवले तर पंख कसा वर जातो आणि कसा खाली येतो हे मुलांना एका नजरेत समजतं. आमच्या दिवाणखान्यात तसं एक चित्र लावलं आहे. ते पाहून पाहुणे विचारतात, "सहा पक्षी होते का?" मी सांगतो, "नाही, एकच. सहा क्षण होते." खाली बारीक अक्षरांत तसं लिहूनही ठेवलं आहे.

मी काय पुसलं

आता ती चूक.

त्या द्वादशीच्या सकाळचा सगळ्यात चांगला फोटो एका चिखल्याचा होता. एक पाय उचललेला, डोळ्यात उजेडाचा ठिपका आणि खाली ओल्या वाळूत पूर्ण प्रतिबिंब. सांवेरला परत आल्यावर रात्री मी तो मोठ्या स्क्रीनवर उघडला. शेजारी सात वर्षांची लेक बसली होती. ती म्हणाली, "बाबा, याच्या पायाला काहीतरी अडकलंय."

खरंच होतं. पायाच्या वरच्या भागावर प्लॅस्टिकसारखं काहीतरी रंगीत, नखाएवढं. मी म्हटलं, "कचरा असेल गं. किनाऱ्यावर काय कमी प्लॅस्टिक असतं? थांब, काढून टाकतो." ब्रश घेतला, तीनदा क्लिक केलं. पाय स्वच्छ झाला.

तिने विचारलं, "फोटोतून काढलंस की त्याच्या पायातूनही निघतं का?"

मी हसलो आणि तिला झोपायला पाठवलं. फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. सत्तावन्न जणांनी अंगठे दाखवले. मावशीने तर दापोलीहून मोठी प्रत काढून फ्रेम करून घेतली. पुढच्या महिन्यात माझी हार्ड डिस्क भरली. मी तयार फोटो एका फोल्डरमध्ये ठेवले आणि रॉ फाइली उडवल्या. जागा झाली, बरं वाटलं.

फेब्रुवारीच्या शेवटी एका रविवारी इंदुरात सिरपूर तलावावर पक्षी बघायला गेलो. तिथे नेहमी येणारे एक वयस्कर पक्षीनिरीक्षक भेटले. त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. छोटा पाणपक्षी, पायाच्या वरच्या भागावर नखाएवढी रंगीत पट्टी आणि तिच्यावर अक्षरं. "याला फ्लॅग म्हणतात," ते म्हणाले. "पकडून, मोजमाप घेऊन, पट्टी घालून पुन्हा सोडतात. अक्षरं वाचली की हाच तो पक्षी, एवढं नक्की कळतं. कुठे पट्टी घातली, किती वर्षांचा झाला, कुठून कुठे गेला, सगळं."

माझ्या पोटात गोळा आला.

ही काही आजकालची गंमत नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली. आपल्या अगदी शेजारच्या धार संस्थानात १९२० च्या दशकातच स्थलांतरी बदकांच्या पायांत या संस्थेची कडी घातली गेली. पुढे सालिम अलींच्या मार्गदर्शनाखाली १९६० च्या दशकात हे काम देशभर मोठ्या प्रमाणावर झालं. धातूच्या त्या कड्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा, असं इंग्रजीत कोरलेलं असतं. पण कडं वाचायला पक्षी हातात यावा लागतो. पट्टीचं तसं नाही. ती लांबून, दुर्बिणीतून किंवा फोटोतून वाचता येते. म्हणजे पट्टी घालणाऱ्याने आपलं काम केलं होतं. उरलेलं काम माझ्यासारख्या वाटसरूने करायचं होतं, नुसतं बघायचं आणि कळवायचं.

आणि मी ते पुसून टाकलं, नीटनेटकं दिसावं म्हणून.

घरी येऊन फोटो चारशे टक्के मोठा करून पाहिला. पाय इतका सफाईने भरला होता की मलाच माझं कौतुक वाटावं. मग खाली बघितलं. पायावरची पट्टी गेली होती, पण वाळूतल्या प्रतिबिंबात तिचा हिरवट डाग तसाच होता. माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. रंग थोडाफार दिसत होता, अक्षरं मात्र कुठून दिसणार? डिलीट झालेल्या फाइली परत आणणारी दोन सॉफ्टवेअरं चालवून पाहिली. त्या जागेवर तोवर आमच्या घरच्या मुंजीचा व्हिडिओ बसला होता.

ऑफिसात माझ्या टीममधल्या कोणी कोडचा इतिहास पुसला तर मी आकाशपाताळ एक करीन. प्रत्येक बदल कोणी केला, कधी केला आणि मूळ ओळ काय होती, याची नोंद ठेवणं हीच आमची रोजची शिस्त. गंमत म्हणजे लाइटरूमही तसंच काम करतं. मूळ फाइलला हात लावत नाही, फक्त काय बदललं त्याची यादी ठेवतं. मूळ फाइल मीच फेकून दिली होती, त्याला ते काय करणार?

मी तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवलं आहे. पण तो पक्षी कोण होता, कुठल्या किनाऱ्यावर कोणी त्याला हातात धरून मोजलं होतं, हे त्या फोटोतून आता कधीच कळणार नाही.

आता मी काय करतो

तेव्हापासून मी एडिटिंग सोडलं नाही. उलट जास्त करतो, पण काही गोष्टी पाळून.

मूळ फाइल उडवत नाही. डिस्क आजकाल स्वस्त आहे, पण तो क्षण परत मिळत नाही. दरवर्षीच्या फाइलींच्या दोन प्रती, एक घरी आणि एक भावाकडे.

पक्ष्याच्या अंगाला ब्रश लावत नाही. आभाळातली तार, लेन्सवरची धूळ, लांबची बाटली यांचा विचार करता येतो. पण पाय, पीस, चोच, डोळा जसा आहे तसा. पिसं झडलेली असतील तर तो ऋतू सांगतात. पायात दोरा अडकला असेल तर तीही बातमीच आहे, आणि ती झाकायची नाही. निसर्गाच्या मोठ्या स्पर्धांचे नियमही असेच असतात. धूळ काढलेली चालते, वस्तू घातलेली किंवा काढलेली चालत नाही. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर या स्पर्धेत २०१७ मध्ये बक्षीस मिळालेला मुंगीखाऊचा फोटो २०१८ मध्ये रद्द झाला, कारण त्यातला प्राणी पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. तो फोटो सुंदर होता, त्याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं.

नव्या हुशार सॉफ्टवेअरबद्दल आणखी सावध राहतो. दाणेदार फोटो स्वच्छ करताना ती कधीकधी नसलेली पिसं विणून देतात. दिसतात छान. पण दोन जवळच्या जातींमधला फरक नेमका अशाच बारीक खुणांत असतो.

आणि जे रचलं असेल त्याखाली "रचलेलं चित्र" असं लिहितो. सहा क्षणांचा कुरव, रंग बदललेलं आभाळ, जोडलेला चंद्र, सगळं करा. फक्त पाहणाऱ्याला सांगा. त्याने चित्राची मजा कमी होत नाही, हे मी दिवाणखान्यात रोज पाहतो.

हे सगळं करायला कोकणातच जायला हवं असंही नाही. समुद्रकाठचे बरेच पाहुणे वाटेत आपल्याकडेही थांबतात. सिरपूर आणि गंभीर नदीवरचा यशवंतसागर, ही होळकरांच्या काळातली दोन्ही पाणी २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. २०२५ च्या जानेवारीत इंदूर आणि उदयपूर या भारतातल्या पहिल्या दोन शहरांना रामसरची पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली. या तळ्यांच्या काठी तुतवार असतात, लांब लाल पायांचे शेकाट्ये असतात, सुरय असतात, आणि नशीब असेल तर यशवंतसागरला सारसांची जोडी. इथे भरती नाही, म्हणून तिथीचं गणित उपयोगाचं नाही. पण लवकर जाऊन, खाली बसून, गप्प राहण्याचं गणित तेच.

गेल्या महिन्यात लेकीला घेऊन यशवंतसागरला गेलो होतो. तिच्या हातात माझी जुनी दुर्बीण होती. एक तुतवार शेपूट हलवत काठाने चालला होता. मी कॅमेरा लावत होतो, उजेड बघत होतो, मागची झुडपं टाळायला थोडा डावीकडे सरकत होतो. ती आपली दुर्बिणीतून बघत म्हणाली, "बाबा, आधी पाय बघ."

पाय रिकामे होते. पण आधी बघितले.

मुरूडच्या मावशीला मी फोनवर सगळं सांगितलं आहे. म्हटलं, त्या फ्रेममधला फोटो काढून टाका, मी दुसरा पाठवतो. ती म्हणाली, "राहू दे रे. फ्रेमच्या मागे लिहून ठेवते, जावयाने पट्टी पुसली म्हणून." काकांनी तसं लिहिलंही आहे, तारीख आणि तिथीसकट.